ग्योंगजू (दक्षिण कोरिया): आई-बाबा आणि एक उपद्व्यापी पोरगा सोबत, काय बघावं, काय गाळावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या उल्सानला असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा नाशिकहून येताहेत. बाबांना लेण्यांचं वेड आहे. अजिंठा-वेरूळ त्यांचं पाठ आहे, त्यामुळे "ते कोरियातलं दगडी बुद्धाचं लेणं बघायचंच" हे तिकीट काढायच्या आधीच ठरलंय. आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती बाराही महिने कांदा-लसूण खात नाही. लेक नऊ वर्षांचा. देऊळ म्हटलं की तोंड वाकडं करतो, पाळणे म्हटलं की उड्या मारतो.

ग्योंगजू इथून जवळच, म्हणून सकाळी जाऊन रात्री परत यावं असं नवऱ्याचं मत. मला वाटतं मुक्काम करावा. जाणकारांनी कृपया सांगा: राहावं का? राहायचं तर कुठे? आणि आईच्या जेवणाचं काय?

भटकभैरव

राहा. यात दुसरा विचारच नको. ग्योंगजू बघायचं ते संध्याकाळी आणि सकाळी लवकर, आणि सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्याला नेमक्या याच दोन वेळा मिळत नाहीत. सिल्ला राज्याची ही जवळजवळ हजार वर्षं राजधानी, इ.स. ९३५ पर्यंत. त्यामुळे गावात कुठेही वळलात की हिरव्यागार टेकड्या दिसतात, आणि त्या टेकड्या नसून राजांची थडगी असतात.

मुक्काम जुन्या गावात, देरुंगवॉन या थडग्यांच्या बागेच्या आसपास करा. बोमुन तलावाकाठची मोठी हॉटेलं दिसायला झकास, पण तिथून संध्याकाळी पायी कुठे जाता येत नाही. जुन्या गावात हानोक (पारंपरिक कोरियन) पद्धतीची घरं भाड्याने मिळतात. मात्र तिथे गादी जमिनीवर असते आणि आईंना उठता-बसता त्रास होईल. पलंग असलेली खोली मिळेल का ते आधीच विचारा.

देरुंगवॉनमध्ये वीसेक टेकड्या आहेत, रस्ता सपाट, आत जायला पैसे नाहीत. फक्त चॉन्माचोंगला किरकोळ तिकीट आहे. ते घ्याच, कारण या एकाच थडग्याच्या पोटात शिरता येतं. १९७३ साली ते खणलं तेव्हा सोन्याचा मुकुट सापडला, आणि भूर्जाच्या सालीवर रंगवलेला उडता घोडा. शेजारचं ह्वांगनाम-देचोंग हे राजा-राणीचं जोडथडगं. गंमत म्हणजे सोन्याचा मुकुट राणीच्या बाजूला निघाला, राजाच्या बाजूला नुसता मुलामा दिलेला. तज्ज्ञ त्यावर अजून भांडताहेत.

तिथून चालत चॉम्सॉंगदे. सातव्या शतकातला, राणी सॉन्दोकच्या काळातला वेधशाळेचा दगडी बुरूज, उंची जेमतेम नऊ मीटर. फोटो बघून भलत्या अपेक्षा ठेवू नका. अंधार पडला की वॉल्जी तळ्यावर जा. इ.स. ६७४ मध्ये खोदलेलं राजवाड्याचं तळं आहे हे, आणि दिवे लागल्यावर मंडपांचं प्रतिबिंब पाण्यात असं उतरतं की गर्दीचाही राग येत नाही.

खवचट_खारूताई

भैरवजींशी सहमत, पण बाबांना सोक्गुरामबद्दल, म्हणजे त्यांच्या त्या दगडी बुद्धाच्या लेण्याबद्दल, आधीच सांगून ठेवा. बुद्धमूर्ती काचेपलीकडे आहे, आत प्रदक्षिणा नाही, फोटो काढायला मनाई, आणि मागची रांग तुम्हाला हळूहळू पुढे ढकलत असते. वेरूळच्या विश्वकर्मा लेण्यात तासभर मांडी घालून बसलेल्या माणसाला हे फार जाचतं. मी तर म्हणेन वेळ कमी असेल तर सोक्गुराम गाळा, बुलगुक्साचं देऊळ करा.

लेणीवेडा

खारूताई, सोक्गुराम गाळायला माझा कडाडून विरोध! काचेचा वैताग मलाही आला. पण बाबांसारख्या माणसासाठी खरी मौज वेगळीच आहे. आपल्याकडे डोंगर कोरून पोकळी काढतात. इथे ग्रॅनाइट कठीण, म्हणून त्यांनी दगड घडवून, एकात एक अडकवून घुमट उभारला आणि वरून माती घालून त्याचा डोंगर केला. म्हणजे लेणं कोरलेलं नाही, रचलेलं आहे. मुख्य मूर्ती साधारण साडेतीन मीटरची, मागे वर्तुळात बोधिसत्त्व आणि शिष्य कोरलेले. अकरा मुखांचा अवलोकितेश्वर मूर्तीच्या बरोब्बर मागे आहे, समोरून दिसतच नाही. त्याचा फोटो आधी पाहून जा.

काच का आली तेही बाबांना आवडेल. जपानी राजवटीत १९१३ नंतर दुरुस्ती करताना बाहेरून काँक्रीट थापलं. दगडातून हवा खेळायची ती बंद झाली आणि आत ओल धरली. पुढे १९६० च्या दशकात पुन्हा दुरुस्ती झाली, समोर लाकडी मंडप आला. तेव्हापासून आतली हवा यंत्रानेच राखावी लागते, म्हणून ती काच.

कथा अशी की किम देसॉंग या मंत्र्याने इ.स. ७५१ मध्ये दोन्ही कामं काढली: बुलगुक्सा या जन्मीच्या आईवडिलांसाठी आणि सोक्गुराम मागच्या जन्मीच्या. १९९५ मध्ये दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत गेली. एक बघून दुसरं सोडणं बरं दिसत नाही.

आईंच्या गुडघ्यांसाठी: बुलगुक्साहून वर जाणारी पायवाट तासाभराची चढण आहे, ती टाळा. १२ नंबरची बस वरच्या वाहनतळापर्यंत जाते, पण साधारण तासाला एकच, तेव्हा परतीची वेळ बघून ठेवा. पुढे झाडीतून जवळजवळ सपाट रस्ता आणि शेवटी थोड्या पायऱ्या.

रानजाई

बाबांना हे वाचून दाखवलं फोनवर. "काच असली तरी चालेल" असा निकाल आलाय. बुलगुक्सामध्ये पायऱ्या किती?

लेणीवेडा

समोरचे ते प्रसिद्ध दगडी जिने (वरचा-खालचा मिळून ३३ पायऱ्या) चढायला बंदच आहेत, फक्त पाहायचे. आत बाजूच्या वाटेने जातात. चढउतार आहे, पण हळूहळू जमेल. लाकडी इमारती जपानी स्वारीत १५९३ साली जळाल्या, पुन्हा बांधल्या, आणि आजचं बरंचसं रूप १९६९ ते ७३ च्या जीर्णोद्धारातलं. मूळचे ते दगडी चौथरे आणि अंगणातले दोन स्तूप. साधा तो सोक्गाताप, नक्षीदार तो दाबोताप. मुलाच्या हातात दहा वॉनचं नाणं द्या आणि त्यावरचा स्तूप कोणता ते शोधायला लावा. दाबोतापवर एकच दगडी सिंह उरलाय, बाकीचे वसाहतकाळात नाहीसे झाले. तोही त्यालाच शोधू दे. सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, दहानंतर शाळांच्या सहली येतात. मे २०२३ पासून दोन्हीकडे तिकीट नाही, गाडी लावायचे पैसे मात्र पडतात.

ताकभात

जेवणाचं मी सांगते, शाकाहारी आहे आणि ग्योंगजूत भरपूर हिंडले आहे.

कोरियन बौद्ध मठांच्या जेवणात कांदा-लसूण चालतच नाही! पाच उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य, त्यात हे दोन्ही आले. मठातल्या किमचीतही (आंबवलेल्या भाजीच्या लोणच्यात) मासळीचा खार नसतो. त्यामुळे देवळाच्या पद्धतीचं जेवण देणारी खानावळ मिळाली तर आईंचा प्रश्नच मिटला. पण अशा खानावळी थोड्या, आणि आधी सांगून जावं लागतं.

एरवीची बाहेरची किमची शाकाहारी समजू नका. सोयाबीनच्या आमटीचा रस्साही बहुधा सुकट घालून केलेला असतो. त्यातल्या त्यात बिबिम्बाप (भाज्या घालून कालवलेला भात), मांस-अंडं वगळून आणि लाल चटणी बाजूला ठेवून (चटणीत लसूण असतो). देरुंगवॉनजवळच्या गल्लीत साम्बाप मिळतं, पानात भात गुंडाळून खायचा. वाट्याच वाट्या येतात, पण त्यातल्या आईंना चालतील अशा निवडाव्या लागतील. मी सरळ भाकरी आणि मेतकूट सोबत नेते, लाज कसली!

गोडात ह्वांगनाम-पांग. १९३९ पासूनचा प्रकार, पातळ आवरणात लाल चवळीसारख्या कडधान्याचं पुरण. आईंना आवडेल, पण अंड्याचं विचारून घ्या. लेकासाठी ह्वांग्निदान-गिल या रस्त्यावर दहा वॉनच्या नाण्याच्या आकाराचा चीज भरलेला पाव मिळतो. चवीला यथातथा, ताणून फोटो काढायला उत्तम.

पाळणेवाला

आता पोराकडे वळा. बोमुनजवळ ग्योंगजू वर्ल्ड आहे. तिथला ड्राकेन नावाचा रोलर कोस्टर (२०१८) कड्यावर नेऊन क्षणभर लोंबकळत ठेवतो आणि मग सरळ खाली. त्याला उंचीची अट आहे, आधी पोराची उंची मोजा, नाहीतर दारात रडारड. वयाला साजेसे पाळणेही आहेत. आजी-आजोबांना तिथे नेऊ नका. तलावाभोवती सपाट रस्ता आहे, तुमच्या तारखांना चेरी फुललेली असायची शक्यता चांगली. ते तिथे फिरतील, तुम्ही दोघं पोरासोबत किंचाळा.

फक्त शनिवार-रविवार नको. चेरीच्या दिवसांत बोमुनचा रस्ता मुंगीच्या पावलाने चालतो. गाडी मुक्कामी ठेवून १० किंवा ११ नंबरची बस घ्या. दोन्ही उलटसुलट फेरी मारतात आणि गाव, बोमुन, बुलगुक्सा सगळं जोडतात.

भटकभैरव

एक राहिलं. राष्ट्रीय संग्रहालयात राजा सॉंगदोकची घंटा आहे, इ.स. ७७१ ची, जवळजवळ १९ टनांची. आता वाजवत नाहीत, ध्वनिमुद्रण ऐकवतात. ओतताना त्यात मूल टाकलं म्हणून ती आईला हाका मारते अशी दंतकथा आहे, लेकाला रात्री झोपताना सांगू नका. त्यापेक्षा वॉल्जीत सापडलेला चौदा बाजूंचा लाकडी फासा दाखवा. दारूच्या बैठकीतला खेळ, प्रत्येक बाजूवर एक शिक्षा. मूळ फासा सापडल्यावर वाळवताना भट्टीत जळून गेला, आता प्रतिकृती आहे.

रानजाई

ठरलं, मुक्काम करतोय, मधल्या वारी निघतो. नवरा म्हणतो गाडी आहेच तर समुद्राकडेही जाऊ. तिकडे काही आहे का?

लेणीवेडा

आहे की! परतीच्या दिवशी गामुन्सा. देऊळ गेलं, दोन प्रचंड दगडी स्तूप उरलेत, इ.स. ६८२ चे. तिथून जवळच किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर राजा मुन्मूची समुद्रातली समाधी: मेल्यावर ड्रॅगन होऊन जपान्यांपासून राज्य राखीन म्हणाला होता. किनाऱ्यावरून फक्त खडक दिसतात, बाबांना गोष्ट आधी सांगा.

वाटेत गोल्गुल्सा. कड्यात कोरलेला बुद्ध आणि भिक्खूंची सॉन्मुदो ही युद्धकला. भारतातून आलेल्या भिक्खूंनी हे स्थान वसवलं असं तिथली परंपरा सांगते. बुद्धापर्यंतची चढण आईंना जमणार नाही, त्या खाली थांबतील. सॉन्मुदोचं प्रात्यक्षिक मात्र लेकाला दाखवाच. रोज असतंच असं नाही, निघण्यापूर्वी मठात फोन करून वेळ विचारा.