सुटकेनंतरची पहिली वर्षं

वर कुणीतरी म्हटलंय की तुरुंगातून सुटलेल्या हॅकरला कंपन्या पायघड्या घालतात. केव्हिन मिटनिक या गाजलेल्या अमेरिकी हॅकरच्या बाबतीत शेवटी तसं झालं, पण मधली वर्षं या चर्चेत आलीच नाहीत. तो जानेवारी २००० मध्ये सुटला, तेव्हा त्याच्यावर तीन वर्षांची देखरेख होती आणि इंटरनेट वापरायला बंदी. ज्या कामात हात बसलेला, नेमकं तेच बंद. दुसरा अमेरिकी हॅकर केव्हिन पोल्सेन, त्यालाही १९९६ मध्ये सुटल्यावर तीन वर्षं संगणकबंदी होती. तो पत्रकारितेकडे वळला आणि पुढे अ‍ॅरन स्वार्ट्झ या तरुण प्रोग्रामरबरोबर त्याने जे तयार केलं, ते आज सिक्युअरड्रॉप म्हणून ओळखलं जातं. बातमीदाराला निनावी कागदपत्रं पोचवण्याची ती व्यवस्था आहे. स्वार्ट्झ २०१३ मध्ये गेला; जाणाऱ्याने असं काही मागे ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली, म्हणजे संगणकाशी संबंधित गुन्ह्यांसाठी, शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं, पण पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला त्यानंतरही आडवा येतो. मी नाशिकच्या अंबडला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखती घ्यायचो. अशी शिक्षा भोगलेला एक मुलगा आला होता, कोड अतिशय स्वच्छ लिहायचा. आम्हा तांत्रिक माणसांना तो हवाच होता, पण ग्राहकाच्या करारात गुन्हा नोंद नसलेलीच माणसं घ्यायची अट होती, त्यामुळे फाईल तिथेच थांबली. आता तो घरून, ओळखीच्या दुकानदारांसाठी बिलिंगची सॉफ्टवेअरं बनवतो. नाशिकरोड कारागृहात राहून मुक्त विद्यापीठाची पदवी घेता येते. ती घेऊन बाहेर येणाऱ्यासाठी करारातली ही अट कोण शिथिल करणार, यावर इथल्या एचआरवाल्यांनी लिहावं.