ओहेअरला एक तास चाळीस मिनिटं: आई-बाबांना पुरतील का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पहिल्यांदाच इकडे अमेरिकेत येताहेत. दोघांचा बी-२ (पर्यटक) व्हिसा. मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–मॅडिसन, परतीसकट एकाच तिकिटावर. काल रात्रीच काढलं. फ्रँकफर्टला भरपूर वेळ आहे, पण शिकागोच्या ओहेअर विमानतळावर फक्त १ तास ४० मिनिटं. नवऱ्याचं म्हणणं, एअरलाइनने विकलंय म्हणजे पुरत असणार. बॅगा थेट मॅडिसनच्या टॅग होतील, म्हणजे प्रश्न फक्त इमिग्रेशनचाच ना? बाबांचा गुडघा दुखतो आणि आईचं इंग्रजी बेताचं आहे.

— मॅडिसनकर

————

मॅडिसनकर,

टॅग मॅडिसनचा असला तरी बॅगा शिकागोतच ताब्यात घ्याव्या लागतात. अमेरिकेत जिथे पहिलं पाऊल पडतं तिथेच इमिग्रेशन, तिथेच कस्टम्स. मग बॅगा पुन्हा पट्ट्यावर द्यायच्या. ट्रान्झिटमधून आतल्या आत निसटायची सोय नाही, इथे त्याच दिवशी दुसऱ्या देशाचं विमान पकडणाऱ्यांनाही नाही.

आता हिशेब बघ. आंतरराष्ट्रीय विमान टर्मिनल ५ ला लागतं. मॅडिसनचं दुसऱ्या टर्मिनलमधून सुटेल. मध्ये फुकटची एअरपोर्ट ट्रेन आहे, पण उतरल्यावर सिक्युरिटी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय सुटण्याच्या साधारण पंधरा मिनिटं आधी विमानाचं दार बंद होतं. म्हणजे हातात १ तास २५ मिनिटंच. इमिग्रेशनची रांग निदान पुढे सरकताना दिसते; बॅगांच्या पट्ट्यावर मात्र आपलं काही चालत नाही. सगळ्यांच्या बॅगा येऊन जातात आणि आपली एक आतच राहते.

नवऱ्याला सांग, विकलंय म्हणजे त्या विमानतळाच्या किमान कनेक्शन वेळेत बसतंय, एवढाच त्याचा अर्थ. त्यात बाबांचा गुडघा धरलेला नसतो. मात्र एकाच तिकिटावर आहे हे चांगलं. विमान हुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी एअरलाइनची. दोन वेगळी तिकिटं असती तर सगळा भुर्दंड तुमचा.

— शॉम्बर्गकर

————

अगं, व्हीलचेअर सांग आधी! बाबांचा गुडघा खरंच दुखतोय, तेव्हा लाजायचं कारण नाही. निदान ४८ तास आधी एअरलाइनला कळवायचं आणि फ्रँकफर्ट, शिकागो दोन्हीकडची नोंद झाली का ते विचारून घ्यायचं. ढकलणारा माणूस बॅगांच्या पट्ट्यापर्यंत सोबत असतो, आईला कुठे वळायचं ते विचारत बसावं लागत नाही. पण ढकलणारे कमी आणि खुर्च्या जास्त असं झालं, तर विमानाच्या दाराशीच ताटकळत बसावं लागतं, म्हणून व्हीलचेअर म्हणजे वेळ वाचला असं धरू नकोस. (आणि ज्यांचे पाय धडधाकट आहेत ते केवळ रांग चुकवायला खुर्ची मागतात, त्यामुळेच ही वेळ येते. बोलले! ज्यांना लागायचं त्यांना लागू दे.)

दुसरं, बॅगेत तांदूळ नको. आंबेमोहोर कितीही आठवला तरी नको. खापरा भुंगेरा या धान्याच्या किडीमुळे भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ आणायला बंदी आहे. चकल्या, मसाले आणू देत, पण खायचं काही आहे का असं विचारलं की सरळ ‘हो’ म्हणायला सांग. ‘नाही’ म्हणून बॅगेत निघालं तर दंड, आणि तपासणीत गेलेला वेळ वेगळाच.

— नेपरव्हिलच्या काकू

————

इतका घोळ कशाला? ओहेअरहून मॅडिसन गाडीने अडीच तासांवर आहे, थेट बसही आहे. शिकागोलाच उतरवून घे. बॅगा तिथे हातात येणारच आहेत, उचलायच्या आणि बाहेर पडायचं. ते मॅडिसनचं छोटं विमान गेलं तर जाऊ दे रिकामं.

— मिलवॉकीकर

————

मिलवॉकीकर, गाडीची कल्पना झकास, पण विमान ‘जाऊ दे’ नको! जातानाचा एक तुकडा न कळवता सोडला की एअरलाइन पुढचं सगळं तिकीट रद्द करते. सहा महिन्यांनी आई-बाबा परत निघतील आणि काउंटरवर कळेल की बुकिंगच नाही.

मॅडिसनकर, काल रात्री काढलंस ना? मग आत्ता ऊठ. प्रवास सात किंवा जास्त दिवसांवर असेल आणि तिकीट थेट एअरलाइनकडून घेतलं असेल, तर २४ तासांच्या आत पूर्ण पैसे परत मिळतात. एजंटकडून घेतलं असेल तर त्याला विचार, त्याचा नियम वेगळा असू शकतो. एक तर ओहेअरला तीन-साडेतीन तास मिळतील असं घे, नाही तर मुळात शिकागोपर्यंतचंच काढ.

— शॉम्बर्गकर

————

मधेच विचारतो: ते अमेरिकन इमिग्रेशनचं मोबाइल पासपोर्ट कंट्रोल ॲप आई-बाबांना नाही का चालणार? आम्ही ग्रीन कार्डवर मागच्या खेपेला त्यानेच झटपट बाहेर पडलो.

— ऑरोराकर

————

नाही चालणार. ते इथले नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि मोजक्या इतरांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर बी-२ असेल तर नेहमीचीच रांग, बोटांचे ठसे, फोटो आणि दोन-चार प्रश्न. भारताच्या बाजूला मात्र तुम्हा सगळ्यांसाठी एक गोष्ट आहे: भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) असेल तर फास्ट ट्रॅक इमिग्रेशनला नाव नोंदवा. २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झालं, २०२५ पासून मुंबईलाही आहे. फी नाही. मुंबईत उतरून नागपूरचं विमान धरणाऱ्यांना उपयोगी पडेल.

— शॉम्बर्गकर

————

मंडळी, थेट एअरलाइनकडूनच घेतलं होतं. रद्द केलं, शिकागोपर्यंतचं नवीन काढलं, थोडं स्वस्तच पडलं. व्हीलचेअर दोन्हीकडे नोंदवली. नवरा गाडी घेऊन टर्मिनल ५ ला जाणार आहे. काकू, आईने तांदूळ आधीच बांधून ठेवले होते, फोनवर पाच मिनिटं वाद झाला. आता त्या जागी मेतकूट येतंय. परतीला काय काळजी घ्यायची?

— मॅडिसनकर

————

परतीला काही नाही गं. अमेरिकेतून निघताना इमिग्रेशनची रांगच नसते. व्हीलचेअर तेवढी परतीच्या बुकिंगवरही आहे ना, ते बघ. आणि मेतकूट थोडं जास्त आणायला सांग.

— नेपरव्हिलच्या काकू