कॅप्टन लक्ष्मी : डॉक्टरकी हा "केवळ तपशील"?

मेघमल्हार : "लक्ष्मी सहगल डॉक्टर होत्या हा केवळ तपशील, त्यांचं खरं कर्तृत्व बंदूक हाती घेतल्यावर सुरू झालं." कालच्या रणरागिणींवरच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचून डोकं उठलं, म्हणून हा धागा. १९३८ साली मद्रासहून एमबीबीएस, मग स्त्रीरोगाचा डिप्लोमा. १९४० मध्ये सिंगापूरला जाऊन गरीब भारतीय मजुरांसाठी दवाखाना. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, तेव्हा जखमी युद्धकैद्यांवर उपचार. आझाद हिंद सेनेचं नेतृत्व करायला नेताजी तिथे पोचले जुलै १९४३ मध्ये. म्हणजे गणवेश चढवण्याआधीच त्या युद्धात होत्या, तेही डॉक्टर म्हणून. गणवेश जेमतेम दोन वर्षं टिकला. कानपूरला पेशंट तपासणं मात्र नव्वदी उलटली तरी चालू होतं. फाळणीचे निर्वासित, १९७१ मध्ये कलकत्त्याला बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्या, १९८४ ला भोपाळ. एवढं सगळं तपशिलात जमा?

सडेतोड : पोस्ट माझी आहे आणि वाक्यावर मी ठाम आहे. १९४० पर्यंत देशात लेडी डॉक्टर होत्या की. आपल्या डॉक्टर रखमाबाईंनी तर एकोणिसाव्या शतकातच सुरतेला काम सुरू केलं होतं. राणी झाशी रेजिमेंट, म्हणजे आझाद हिंद सेनेतली बायकांची पलटण, उभी करणारी मात्र एकच. मलायातल्या रबराच्या मळ्यांतून आलेल्या मुलींच्या हाती रायफल देणं, आझाद हिंद सरकारात मंत्रिपद, मे १९४५ मध्ये अटक, मार्च १९४६ पर्यंत ब्रह्मदेशातच अडकून पडणं. हे किती डॉक्टरांनी केलं ते सांगा.

खडूफळा : रेजिमेंटला आघाडीवर लढायला मिळालंच कुठे? इम्फाळची मोहीम फसली आणि नशिबी माघार आली. शुश्रूषेचं पथक त्याच रेजिमेंटमध्ये होतं, त्याबद्दल तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ नाही. आणि विषय निघालाच आहे तर बोलतो. त्या काळच्या बाया शिकल्या आणि राबल्या. आता मुली एमबीबीएसची सीट अडवतात आणि लग्न झालं की घरी बसतात. आमच्या नात्यातच तीन आहेत.

वैद्यकन्या : खडूफळा, तोंड सांभाळून. माझी आई ग्रामीण रुग्णालयात होती. रात्री दोनला दारावर थाप पडायची, अंगणात बैलगाडी, गाडीत घोंगडीवर अडलेली बाई. आई मला झोपेतच उचलून शेजारच्या काकूंकडे द्यायची आणि ओल्या केसांचा अंबाडा घालत निघायची. पुढे बाबांची बदली झाली. आजी म्हणाली, "आता पुरे झालं." नोकरी आईने सोडली की सोडवली, हे तुमच्या त्या तिघींनाही एकदा विचारा. आणि शिकून झाल्यावर गावात सरकारी सेवा करण्याचा बाँड चुकवून दंड भरून मोकळी होणारी मुलं? ती सीट अडवत नाहीत वाटतं?

खडूफळा : बाँडचं खरं आहे. माझ्या पुतण्यानेच दंड भरला, भावाने जमीन विकून. पण तो आज प्रॅक्टिस तरी करतो.

वैद्यकन्या : शहरात! ज्या गावासाठी बाँड होता तिथे आजही डॉक्टर नाही.

रातपाळी : मी सरकारी दवाखान्यात आहे. गावात पाठवता, पण राहायला खोली नाही, भूल देणारा डॉक्टर नाही, रक्ताची सोय नाही. सिझेरियन कशाच्या जोरावर करायचं? पेशंट दगावला की नातेवाईक आमच्याच अंगावर. बाई-बुवा हा वाद तिथे कामाचा नाही.

मेघमल्हार : अहो, धागा कॅप्टन लक्ष्मींवर आहे. बाँडवर वेगळा काढा.

सडेतोड : काढतीलच. तोवर मेघमल्हारताई, एक सांगा. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर दवाखान्याच्या परिसरात शिखांवर जमाव चालून आला, तेव्हा त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि हल्ला होऊ दिला नाही. सत्तरीची बाई. हे डॉक्टरकीतून येतं? हे फौजेतून येतं.

मेघमल्हार : जमावाने ऐकलं कुणाचं? चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅप्टनचं, की त्याच गल्लीत रोज आपल्या बायकापोरांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं? माझ्या मते दुसरीचं. २००२ मध्ये डाव्यांनी त्यांना कलामांविरुद्ध राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं, तेव्हाही कानपूरचा दवाखाना सुटला नव्हता. २०१२ मध्ये गेल्या, तर देहसुद्धा मेडिकल कॉलेजला.

सडेतोड : देहदानाचं माहीत होतं, जागेअभावी गाळलं. ठीक आहे, कानपूरवर एक परिच्छेद घालतो. मुखपृष्ठावरचा गणवेशातला फोटो मात्र बदलणार नाही, कितीही ओरडा.

खडूफळा : शुश्रूषा पथकाची ओळ?

सडेतोड : घालतो, बाबा.

वैद्यकन्या : खडूफळा, तुमच्या त्या तिघींना विचारलंत का? मी उत्तराची वाट बघतेय.