मदत हवी आहे: नवी पेठेत बस्त्याला येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह आणि बसायची सोय कशी करावी?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो.

मागच्या लगीनसराईत मंगळवेढ्याकडचं एक कुटुंब बस्ता बांधायला आलं होतं. नऊ माणसं, त्यात नवरीची आजी. सकाळी अकराला बसले, तीन वाजले तरी मानपानाच्या साड्या राहिल्याच होत्या. मी आजींना दोनदा पाणी दिलं, दोन्ही वेळा त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. तिसऱ्यांदा द्यायला गेलो तर सून हळूच म्हणाली, "नको दादा, बाजारला यायचं म्हटलं की त्या घरनंच पाणी पीत नाहीत. जायचं कुठं?" बाहेर चाळीसच्या वर ऊन. आमची इमारत जुनी, गाळा जिन्याखालचा, आत बाथरूम नाही. शेवटी मागच्या गल्लीत ओळखीच्या घरी त्यांना पाठवलं. इतकी वर्षं गल्ल्यावर बसतोय आणि हे कधी विचारावंसं वाटलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

तेव्हापासून रस्त्याकडे नीट बघतोय. सकाळी दुकानं उघडायच्या वेळी दोन्ही कडा मोकळ्या असतात. तासाभरात भरतात, त्याही आमच्याच गाड्यांनी. एक दिवस आमच्या ओळीतल्या दुचाकी मोजल्या, तर अर्ध्याहून जास्त दुकानदारांच्या आणि कामगारांच्या निघाल्या. त्या रात्री शटर ओढेपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईक मग गाठोडं डोक्यावर घेऊन गाड्यांमधून वाट काढतं.

दोष मात्र गजरेवाल्या मावशींवर आणि हातगाड्यांवर येतो. त्यांना हटवा, असं मला अजिबात वाटत नाही. बस्ता झाला की बायका टिकल्या, पिना, बांगड्या त्यांच्याकडेच घेतात, त्यानेच पेठ जिवंत वाटते. शिवाय २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, आणि फेरीवाल्यांचे प्रश्न बघणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधूनच निवडलेले असावे लागतात, त्यातही एक तृतीयांश महिला. म्हणजे बोलायचं तर मावशींना सोबत घेऊनच बोलावं लागेल.

आता अडचण सांगतो. स्वच्छतागृहासाठी आम्ही काही जणांनी सह्या करून अर्ज दिला, त्याला बरेच महिने झाले. पण मला जास्त काळजी बांधल्यानंतरची आहे. पाणी नाही, आतली कडी तुटलेली, दाराला कुलूप, अशी स्वच्छतागृहं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दर दुकानामागे महिना वर्गणी काढून एक बाई पगारावर ठेवली तर चालेल का? तुमच्या गावच्या बाजारात असं कुणी केलं असेल तर चावी कुणाकडे असते, वर्गणी थकली की काय करता, हे कृपया सविस्तर लिहा.

दुसरं, गाड्या. मी आणि भाऊ आमच्या गाड्या आता पेठेबाहेर लावून चालत येतो. शेजाऱ्यांना सांगितलं तर म्हणतात, "आम्ही काढली की दुसरा लावणार." खरं आहे ते. रिकामी झालेली जागा बाकडं टाकून, वर कापड ताणून गिऱ्हाइकांना बसायला ठेवायची, तर परवानगी महापालिकेची लागेल की वाहतूक पोलिसांचीही?

पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, २०२१ पासून; म्हणजे रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवून चालणाऱ्यांना मोकळा करतात. तिथले कुणी कापड दुकानदार इथे असतील तर त्या दिवशी विक्री कशी होते ते खरं खरं सांगा. आमच्याकडे सगळ्यांना एकच भीती आहे, गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल. मला वाटतं, तासन्‌तास बसून साड्या बघणारं माणूस गाडीसाठी नव्हे, सावलीसाठी आणि पाण्यासाठी थांबतं. पण माझ्या वाटण्यावर कुणी गाडी हलवणार नाही.

पुढच्या आठवड्यात ओळीतले दुकानदार माझ्याकडे चहाला येणार आहेत. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा बस्ते सुरू होतील, त्याआधी निदान स्वच्छतागृहाचं तरी ठरवायचं आहे. त्यांच्यासमोर ठेवता येईल असा एखादा अनुभव, वर्गणीचा हिशोब, अर्जाचा नमुना, काहीही असेल तर द्या.