मदत हवी आहे: टीमक्समधलं रात्रीचं आरसिंक पासफ्रेजवर अडकतं

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या वाचनालयातल्या जुन्या मराठी मासिकांचं स्कॅनिंग चालू आहे. पानं हात लावताच तुटताहेत, त्यामुळे दुसरी प्रत बडोद्याच्या स्नेह्यांकडच्या लिनक्स मशीनवर रोज जायलाच हवी.

रात्री २ वाजता क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम) टीमक्सचं डिटॅच्ड सेशन (पडद्यामागे चालत राहणारं टर्मिनल) उघडतो, त्यात एसएसएचवरून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) आरसिंक (फाइलींच्या प्रती पाठवणारा प्रोग्राम). सकाळी त्या सेशनला अटॅच करून (पुन्हा जोडून घेऊन) काम कुठवर आलं ते दिसतं, म्हणून टीमक्स सोडायचं नाहीये. दोन कामं एकावर एक येऊ नयेत म्हणून फ्लॉक (कामाला कुलूप लावणारी कमांड) लावलंय.

हाताने चालवलं की सगळं सुरळीत. क्रॉनमधून मात्र सेशन एसएसएचच्या किल्लीचा पासफ्रेज (ती उघडायचा परवलीचा शब्द) मागत थांबतं, कारण एसएसएच एजंटचं (उघडलेली किल्ली लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रामचं) सॉकेट, म्हणजे त्याच्याशी बोलायची वाट, त्याला मिळत नाही. वर फ्लॉकचं कुलूप तसंच राहतं, म्हणजे पुढची रात्रही वाया!

पासफ्रेजशिवायची वेगळी किल्ली करून पलीकडच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये (प्रवेश असलेल्या किल्ल्यांची यादी) ती आरआरसिंकने (आरसिंकवर मर्यादा घालणारी स्क्रिप्ट) एकाच फोल्डरपुरती बांधावी, असं मला वाटतं. पण लिहायची मुभा राहिलीच, तर किल्ली चोरणारा प्रती पुसू शकेल ना? की क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर (लिनक्सचीच वेळापत्रकाची सोय) आणि लिंगर (लॉगिन नसतानाही वापरकर्त्याची कामं चालू ठेवणारी सेटिंग) जास्त बरं? कोणी असं चालवत असाल तर ऑथराइज्ड कीजमधली ती ओळ नेमकी कशी लिहिलीत, ते कृपया टाका.