मिलिटरी डिस्पोजलची जिप्सी घ्यावी का? (बजेट ३ लाख, कृपया आधी बजेट वाचा)

रानवाट_वेल्हे
वेल्ह्याजवळ वडिलांचं दोन एकर आहे. डांबर संपल्यावर अडीच किमी लाल मातीची चढण. पावसाळ्यात तिथे बुलेटसुद्धा आडवी होते. न्यायचं काय, तर खताच्या चार गोण्या आणि आई. सैन्यातून निघालेली मारुतीची जिप्सी डोक्यात बसलीय. कुठून घ्यावी, काय बघावं? रंग फौजी हिरवाच ठेवायचाय. ३ लाखांच्या वर रुपयाही नाही.

घाटमाथा
थार घे, विषय संपला. मी दसऱ्याला घेतली. एसी लावून ताम्हिणी चढते. बजेट थोडं ताण.

रानवाट_वेल्हे
थोडं म्हणजे चौपट, दादा.

जोंगावाला
फौजीच घ्यायची तर जोंगा घ्या. जबलपूरची, निस्सानच्या परवान्यावर बनलेली, सहा सिलेंडर, ३९५६ सीसी. जिप्सी तिच्यापुढे खेळणं. माझी १९९४ची आहे, आजही अर्ध्या चावीत उठते. अ‍ॅव्हरेज विचारू नका, शौकाला अ‍ॅव्हरेज नसतं.

निवृत्त_सुभेदार
खेळणं तर खेळणं. पण अरुणाचलात ते खेळणं रुतलं की आम्ही चौघं खांदा लावून बाहेर काढायचो. जोंगा रुतली की दुसरी गाडी येईपर्यंत चहा. जिप्सी जेमतेम टनभर भरते, सॉफ्ट टॉप तर त्याहूनही कमी. चिखलात ताकदीपेक्षा हलकं असणं कामाला येतं.

रानवाट, एक गोष्ट लिहून ठेवा. पुढच्या चाकांचे हब (चाकाच्या मधोमध असतात ते) खाली उतरून हाताने 'लॉक'वर फिरवावे लागतात. ते विसरलात तर फोर बाय फोरचा दांडा ओढूनही पुढची चाकं ओढत नाहीत. नवे ड्रायव्हर हमखास इथेच फसायचे आणि शिव्या मात्र गाडीला. उतारावर लो रेंज, पहिला गिअर, ब्रेकवरून पाय बाजूला.

हौशी_पक्या
क्वाड बाइक, म्हणजे चार चाकांची बाइक, का नाही? सियाचेनमध्ये पोलारिस कंपनीच्या वापरतात! आणि २०२४च्या २६ जानेवारीच्या संचलनात ती माणसाएवढ्या चाकांची अ‍ॅटोर गाडी होती, पाण्यावर तरंगते!!

नियमबुक
@पक्या, क्वाडला आपल्याकडे रस्त्यावर चालवायचं पासिंग मिळत नाही. वेल्ह्यापर्यंत डोक्यावर नेणार का?
@रानवाट, हिरवा रंग विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना.

घाटमाथा
आमच्या पेठेत तीन हिरव्या जिप्स्या फिरतात, कोणी विचारत नाही.

नियमबुक
तिघं सिग्नल तोडतात म्हणून चौथ्याने तोडायचा का?

चिऊ_नाशिक
रंगाचं नंतर भांडा, आधी कागद. माझ्याकडे डिस्पोजलची जिप्सी आहे. म्हणजे अंगणात आहे. एजंट म्हणाला, "ताई, कागद आठवड्यात." तो आठवडा तीन वर्षं चाललाय. नंतर कळलं की गाडी भंगाराच्या लॉटमधून उचललेली होती आणि भंगार म्हणून विकलेल्या गाडीचं पासिंग होत नाही. सध्या तिच्यावर दुधीचा वेल आहे. यंदा दुधी छान धरलेत.

फौजी नंबरप्लेटवर बाणाची खूण असते, त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे असतात, ते बघा. लिलावाचं विक्रीपत्र मूळ प्रतीत मागा आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः वाकून जुळवा. एजंट वाचून दाखवेल, तसं नको.

गॅरेज_सातारा
कागद बघाच. घ्याल तर २०००नंतरची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली) घ्या, ८० बीएचपी. आधीची कार्ब्युरेटरवाली ६०च्या आसपास. आणि ताडपत्रीवर भाळू नका, ती नवी शिवून मिळते. चासी खालून हातोडीने ठोकून बघा, पत्रा कुठे सडलाय ते आवाजावरून कळतं.

मी_पुन्हा_येईन
एमपीएफआयला +१. आणि कागद बघून घ्या.

जोंगावाला
एमपीएफआय हवी तर मग जिप्सीच कशाला, कारच घ्या. जोंगाचं इंजिन...

निवृत्त_सुभेदार
साहेब, तुमच्या जोंगाचा वेगळा धागा काढा. मीच पहिला प्रतिसाद देईन.

रानवाट_वेल्हे
घेतली! सगळ्यांचं ऐकलं आणि जवळपास कोणाचंच केलं नाही. डिस्पोजलची नाही, एमपीएफआय नाही, हिरवीही नाही. १९९८ची कार्ब्युरेटरवाली, पांढरी, भोरच्या एका शेतकऱ्याची, २ लाख ३५ हजार. पासिंग २०२८पर्यंत आहे, चासी नंबर स्वतः वाकून जुळवला (चिऊताई, आभार). कार्ब्युरेटर का, तर आमच्या गावचा मिस्त्री तो पारावर बसून उघडतो, साफ करतो आणि चहाचे पैसेही घेत नाही. एमपीएफआयचं काही झालं तर मला पुणं गाठावं लागेल.

काल आईला घेऊन गेलो. चढताना तिला स्टूल लागलं, बाकी मजेत होती. शेवटच्या वळणावर मात्र मागची चाकं नुसती फिरली आणि गोण्या खाली उतरवाव्या लागल्या. दांडा ओढला होता तरी! फोटो टाकतोय.

निवृत्त_सुभेदार
अभिनंदन. फोटो मोठा करून बघितला. उजवा हब 'फ्री'वर आहे.