१९८६ची पद्मिनी: ठेवावी की काढावी?

चरईकर
बाबांची प्रीमियर पद्मिनी यंदा पुन्हा पासिंगला आलीय. वीस वर्षांवरच्या गाडीला नोंदणी नूतनीकरणाची फी आता १०,००० रुपये, वर हरित कर. त्यात बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली, म्हणजे पार्किंगची बोंब. बायको म्हणते, काढून टाका. माझं मत: ठेवावी, आणि कव्हर घालून नाही, चालवावी. रविवारी सकाळी सहाला चोक ओढायचा, जरा धडधडू द्यायची, मग चोक हळूहळू आत. स्टिअरिंगजवळचा दांडा पहिल्या गिअरात बसला की मनगटाला कळतं. तलावपाळी, उपवन, घरी. एवढंच सुख. बोला.

घोडबंदरचा
रविवारी सहाला कोणीही चालवेल हो! मंगळवारी संध्याकाळी सातला गायमुखच्या चढाला लावून दाखवा. आमच्या काकांची अशीच होती. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये रांगत रांगत गेलो, इंजिनाजवळच्या पंपातच पेट्रोलची तापून वाफ झाली, गाडी बंद. काका बोनेट उघडून पंपावर ओला फडका पिळतायत, मागे बस हॉर्न मारतेय, आणि मी उतरून धक्का. चारही चाकांना ड्रम ब्रेक, साचलेल्या पाण्यातून गेलात की पुढचे दोन-चार ब्रेक देवाच्या भरवशावर. एअरबॅगचा विषयच नाही. नातवंडांना बसवणार आहात का त्यात?

चरईकर
बसवतो. चाळीसच्या वर नेत नाही.

घोडबंदरचा
तुम्ही नेत नाही. मागचा डंपर नेतो.

ऐरोलीकर
गाडी काढू नका, व्हिंटेजमध्ये नोंदवा की. नंबरात ‘व्हीए’ येतं, मस्त दिसतं.

सानपाडा_१७
@ऐरोलीकर, त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. ८६ची गाडी २०३६ला बसेल. आणि व्हिंटेज नोंदणीवर रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढंच. चरईकर, खरी अडचण वेगळीय. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा फुगतो, उभ्या गाडीच्या टाकीत ओल धरते. नळ्या बदलून घ्या आणि टाकी भरून ठेवा. शिवाय २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. सुटे भाग आणि ते हातात बसलेले मिस्त्री टॅक्सीच्या जिवावर होते. इथून पुढे कार्ब्युरेटर खोलणारा शोधत फिराल. तरी मी ठेवाच म्हणेन.

गॅरेजवाला_कळवा
इंजिन राहू द्या बाजूला, ते १०८९ सीसीचं गरीब इंजिन आहे, कसंही उठतं. पायाखालचं मॅट उचललंत का कधी? पत्रा बघा आधी. पत्रा गेला तर फीचा हिशोब कशाला करताय?

चरईकर
आत्ता उचललं. ड्रायव्हरकडे ठीक. डावीकडे स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार, खाली पार्किंगची फरशी दिसतेय. बायको बाजूलाच उभी होती, काही बोलली नाही. @गॅरेजवाला_कळवा, दादा, पत्रा मारणारा चांगला माणूस आहे का तुमच्याकडे? चालवतच आणतो, रविवारी.

घोडबंदरचा
डाव्या सीटवर कुणाला बसवू नका म्हणजे झालं.